कोऱ्या तावाचा हिशेब

आमच्या भिवंडीत सरकार माणसाच्या रूपानं क्वचित यायचं. आलं तर बहुधा खाकी कपड्यात, आणि तेव्हा लोक दारं लावून घ्यायचे. एरवी ते यायचं कागदाच्या रूपानं. पोस्टकार्ड, अंतर्देशीय पत्र, कोर्ट फीचं तिकीट, भाडेकराराचा स्टॅम्प पेपर आणि हप्त्याच्या दिवशी लूमवरच्या कारागिराच्या मुठीत दुमडलेली नोट. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे घरादाराचे नाना, ह्यांच्या मते यातला बहुतेक कागद त्यांच्या ओळखीतला होता. दुकानदारानं पैसे परत केले की बाकीचे लोक नोट फाटकी आहे का ते बघतात. नाना नोटेची कड बघायचे. चारी बाजूंची कोरी जागा सारखी सुटली आहे का ते न्याहाळायचे आणि कधीकधी स्वतःशीच पुटपुटायचे, "कटिंगला कोण होतं कोण जाणे."

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास नाना नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चिकटले आणि निवृत्तीपर्यंत तिथून हलले नाहीत. कुणी विचारलं तर घरातली मंडळी ऐटीत सांगायची, "आमचे नाना नोटा छापतात." नाना तिथल्या तिथे दुरुस्ती करायचे, "छापतं यंत्र. आम्ही मोजतो." आम्हा मुलांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. छापणं म्हणजे पराक्रम आणि मोजणं म्हणजे किराणा दुकान, अशी आमची समजूत. पण पुढे ह्या छापखान्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं, की सरकारी छपाईचा इतिहास लिहायचा तर तो यंत्रांच्या बाजूनं लिहून भागणार नाही. मोजणाऱ्यांच्या बाजूनं लिहायला हवा.

मे महिन्यात नाना भिवंडीला यायचे. रात्री जेवणं झाली की ओटीवर बैठक जमायची. मागच्या गल्लीतले लूम तोवर चालूच असायचे, त्यामुळे सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय. शेजारचे चाचा हमखास येत. ते मोमीन, पिढीजात विणकर. त्यांच्या वडिलांनी हातमाग सोडून लूम टाकले होते. नाना गोष्ट सांगायचे, चाचा मध्येमध्ये तिला फाटे फोडायचे, आणि खरी मजा त्या फाट्यांतच असायची.

नानांची गोष्ट सुरू व्हायची लंडनपासून. सगळ्या हिंदुस्थानात चालणारी पहिली पोस्टाची तिकिटं १८५४ साली कलकत्त्यात शिळाछापावर निघाली. पण पुढच्याच वर्षापासून हे काम लंडनच्या थॉमस डी ला रू कंपनीकडे गेलं आणि सत्तर वर्षं तिकडेच राहिलं. भिवंडीहून कल्याणला, म्हणजे हाकेच्या अंतरावर पत्र धाडायचं तरी त्यावर चिकटवायचं तिकीट बोटीनं आलेलं. नोटांचीही तीच तऱ्हा. १८६१च्या कायद्यानं नोटा काढायचा हक्क सरकारनं स्वतःकडे घेतला, पण त्या छापून यायच्या विलायतेहूनच. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला म्हणून १९१७च्या नोव्हेंबर अखेरीस एक रुपयाची नोट निघाली, तीही तिकडूनच आली. पंचवीस-पंचवीस नोटांची पुस्तकं करून ती लोकांच्या हाती दिली. चेकबुकासारखी एकेक नोट फाडायची आणि खर्च करायची. चाचांना ही कल्पना फार आवडायची. "मतलब रुपया किताब में से फाडते थे?" असं ते दर वर्षी नव्यानं विचारायचे.

इतका सगळा मौल्यवान कागद समुद्रापलीकडून आणणं खर्चाचं आणि जोखमीचंही. १९२२ साली लेफ्टनंट कर्नल विलिस आणि छपाई, लेखनसामग्री व मुद्रांक खात्याचे कंट्रोलर अ‍ॅस्कोली ह्या दोघांनी, हे काम हिंदुस्थानात करता येईल का याचा अभ्यास केला. दिल्लीत छोट्या प्रमाणावर छापून पाहिलं. डी ला रूचा करार १९२५च्या अखेरीस संपत होता, त्याच्या आत घरचा छापखाना उभा राहायला हवा होता. जागा ठरली नाशिकरोड. १९२४-२५मध्ये इमारती उठल्या, १९२६पासून तिकिटं इथलीच निघू लागली. शेजारीच नोटांचा छापखाना झाला आणि १९२८ साली तिथून पाच रुपयांची नोट बाहेर पडली. विलिससाहेबांचा हुद्दा होता 'मास्टर, सिक्युरिटी प्रिंटिंग, इंडिया'. हा 'मास्टर' शब्द पुढे बरीच वर्षं चालला. नाना नोकरीला लागल्यावर त्यांच्या आईनं भिवंडीत सगळ्यांना सांगितलं, की मुलाचे साहेब पूर्वी शाळामास्तर होते, म्हणून शिस्त कडक आहे.

नाशिकरोडच का? कागदपत्रांत दोन कारणं सापडतात, चांगली हवा आणि रेल्वे. नाना हवेवर भर द्यायचे आणि चाचा इथे हटकून भांडायला उठायचे. कारण सुताला दमट हवा लागते. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होतं, तार तुटते, लूम थांबतो. कोकणपट्टीतल्या ह्या दमटपणावर भिवंडीच्या विणकरीचं बरंचसं चालतं. कागदाचं नेमकं उलटं. दमट हवेत ताव फुगतो, कोरडा झाला की आकसतो. एकाच तावावर एका रंगावर दुसरा रंग बसवायचा असेल तर केसभर फरक पडूनही चालत नाही. तिकिटांना तर मागून डिंक. पावसाळ्यात आमच्या पोस्टात तिकिटांच्या पानांनी एकमेकांना मिठ्या मारलेल्या मीही पाहिल्या आहेत. पोस्टमास्तर त्या वाफेवर सोडवायचे. तेव्हा घाटावर, देवळालीच्या पलीकडे, पाऊस बेताचा असलेल्या गावी छापखाना गेला यात नवल नाही. नाना निकाल द्यायचे, "तुमची हवा सुताला, आमची हवा कागदाला." चाचांना तो निकाल मान्य व्हायचा, कारण त्यात भिवंडीची हार नव्हती.

आता मोजणी. नोटेचा कागद साधा नसतो. तो जलचिन्हासकट बनूनच येतो. आपल्याकडे होशंगाबादला १९६८मध्ये सिक्युरिटी पेपर मिल सुरू झाली, त्याआधी हा कागद परदेशातून यायचा. म्हणजे छापखान्याच्या दारातून आत येणारा कोरा ताव हाच अर्धा पैसा. तो आत येताना मोजायचा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना देणाऱ्यानं मोजून द्यायचा, घेणाऱ्यानं मोजून घ्यायचा, दोघांच्या सह्या. छपाईत डाग पडला, रंग सरकला, कोपरा दुमडला तरी तो ताव रद्दी होत नाही. उलट खराब ताव चांगल्या तावापेक्षा जास्त जपायचा, कारण चांगल्याची वाट ठरलेली असते, खराब तावाला पाय फुटू शकतात. त्याचीही मोजणी, त्याची वेगळी नोंद, आणि नष्ट करतानाही साक्षीदार. संध्याकाळी चांगले अधिक खराब बरोबर सकाळचे कोरे, हे समीकरण जुळलं की भोंगा. नाही जुळलं तर त्या खात्यातलं कुणी घरी जायचं नाही. नाना सांगायचे, की एकदा एक ताव लागेना. रात्र झाली. बायका डबे घेऊन फाटकाशी आल्या. शेवटी दोन ताव शाईनं एकमेकांना चिकटून एक झालेले सापडले. "चोर कुणी नव्हता, पण तेवढ्या वेळात आम्ही शंभर जण मनातून चोर झालो होतो," असं ते म्हणायचे आणि ह्या जागी कधीही हसायचे नाहीत.

ह्या मोजणीनं त्यांची बोटं कायमची बदलली होती. आत्याच्या लग्नात पत्रिकांचे गठ्ठे गावातल्या एका ट्रेडलवाल्याकडून आले. नानांनी एक गठ्ठा उचलला, खालचं टोक डाव्या हातात घट्ट धरलं, उजव्या मनगटाला हलका झटका दिला, आणि पत्रिका पंख्यासारख्या उघडल्या. मग उजव्या अंगठ्यानं पाच-पाचच्या घरात कडा मागे टाकत गेले. ओठ हलत नव्हते. डोळे भलतीकडेच, मांडव घालणाऱ्यांकडे. "तीन कमी," म्हणून त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. घरच्या चौघांनी जमिनीवर मांडून मोजल्या. तीन कमी. ट्रेडलवाला म्हणाला, "नाना, शंभराला दोन-तीन इकडेतिकडे व्हायचेच." नाना त्याच्याकडे असे पाहत राहिले, की त्यानं धर्मच सोडला असावा.

युद्धाच्या काळातल्या गोष्टी मात्र चाचांच्या. लढाई सुरू झाली आणि लोकांनी चांदीचे रुपये दाबून ठेवायला सुरुवात केली. १९४० साली सरकारनं रुपयातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली आणि त्याच साली एक रुपयाची नवी नोट काढली. तिच्यावर राजाचं तोंड असलेल्या रुपयाचं चित्र होतं. म्हणजे खरा रुपया मागणाऱ्याला रुपयाचं चित्र मिळत होतं. चाचांच्या वडिलांनी कारागिरांना ह्या नोटा वाटल्या तेव्हा एका म्हाताऱ्या विणकरानं ती दगडावर आपटून पाहिली, वाजते का म्हणून. हे खरं असेल किंवा चाचांनी रचलं असेल. पण त्यांच्या आजीनं कागदी रुपया घरात घ्यायला साफ नकार दिला होता आणि तिच्या चांदीच्या रुपयांचं गाडगं चुलीमागे पुरलेलं होतं, हे त्यांच्या घरात सगळे शपथेवर सांगतात. पुढे ते गाडगं निघालं की नाही यावर मात्र त्यांच्या भावाभावांत अजून एकमत नाही.

ह्या एक रुपयाच्या नोटेवरून नाना आम्हा मुलांना कोडं घालायचे. "बाकी सगळ्या नोटांवर आहे आणि हिच्यावर नाही, असं काय?" उत्तर होतं वचन. दोन रुपयांपासून वरच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या. त्यांवर 'धारकाला इतके रुपये देण्याचं' गव्हर्नरांचं वचन असतं. एक रुपयाची नोट खुद्द भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही, आणि वचनबिचन काही नाही. सरकार कुणाला वचन देत नाही, हे नागरिकशास्त्र आम्ही ओटीवर शिकलो.

मग सत्तेचाळीस साल. नानांच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वात छोटी आणि मला सर्वात मोठी वाटणारी. देश तुटला, पण छापखाना एकच होता आणि तो हिंदुस्थानात. पाकिस्तानला तिकिटं हवी होती. मग सहाव्या जॉर्जच्या चालू तिकिटांवर नाशिकरोडलाच 'पाकिस्तान' अशी इंग्रजी अक्षरं वरून छापली गेली, आणि १ ऑक्टोबर १९४७ला ती तिकिटं तिकडे विक्रीला आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ नोव्हेंबरला, त्याच आवारातून स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट बाहेर पडलं. साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि वर नागरी अक्षरांत 'जय हिंद'. एक गठ्ठा ह्या गाडीला, एक गठ्ठा त्या गाडीला.

नोटांचं त्याहून विचित्र. पाकिस्तानची स्वतःची बँक उभी राहीपर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचं काम पाहत होती. म्हणून १९४८च्या एप्रिलपासून पाकिस्तानात ज्या नोटा आल्या त्या आपल्याच नोटा होत्या. तोच राजा, तीच नक्षी, फक्त कोऱ्या पट्टीत वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' एवढं जास्तीचं. बँकेच्या त्या नोटांवर सही होती गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आमच्या कोकणातल्या माणसाची सही कराचीच्या बाजारात चालत होती.

चाचांचे एक मामू कराचीला गेले होते. पन्नाशीच्या दशकात एकदा ते भिवंडीला भेटीला आले तेव्हा अशी दहाची एक नोट आठवण म्हणून बरोबर होती. ती त्यांनी बहिणीला दिली आणि चाचांच्या घरी कुराणाच्या रेहलीशेजारच्या कपाटात पडून राहिली. एका मे महिन्यात चाचांनी ती आणून नानांपुढे धरली, दोन बोटांत, अगदी सांभाळून. नानांनी चष्मा पुसला. कड पाहिली. उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडचीच." एवढंच. चाचा म्हणाले, "देख लो, मामू गए और आपके हाथ का कागज पीछे-पीछे गया." नाना म्हणाले, "तुमच्या मामूंची नोंद वेगळ्या वहीत होती. दोन वह्या. ताव एकाच गाडीतून यायचे, वह्या दोन." बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग आजीनं कैरीचं पन्हं आणलं.

स्वातंत्र्यानंतर नानांना एकच दुःख सलत राहिलं. १९४८च्या १५ ऑगस्टला गांधीजींची तिकिटं निघाली, ती स्वित्झर्लंडमध्ये छापून आली. स्वदेशीचा मंत्र देणाऱ्याचं तिकीट परदेशी, याचा त्यांना राग होता. कारण साधं होतं. फोटोग्राव्ह्यूर पद्धतीची छपाई तेव्हा नाशिकला होत नव्हती. ती आली १९५२मध्ये, आणि त्या वर्षी १ ऑक्टोबरला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ अशी सहा संत-कवींची माळ निघाली. नाना ह्या तिकिटांविषयी स्वतःच्या मुलांविषयी बोलावं तसं बोलायचे. चाचा गालिबवर खूश. आजीचा मात्र प्रश्न, "महाराष्ट्रात छापता आणि तुकोबा नाही?" ह्यावर सरकारकडे काय उत्तर होतं ठाऊक नाही, नानांकडे नव्हतं.

इथवर जे सांगितलं ते मोजून छापायच्या कागदाचं. सरकारचं दुसरंही छापील घराणं आहे, न मोजता छापायचं. कायदे, नियम, अहवाल, राजपत्र. केंद्र सरकारचा असा एक छापखाना नाशिकलाच, गांधीनगरला. मुंबई सरकारचा चर्नी रोडला. नानांचा ह्या मंडळींविषयीचा सूर थोडा तुच्छतेचा. "तिकडे चुकलेला ताव भेळवाल्याकडे जातो," म्हणायचे. प्रेस आणि प्रेस यांतही वर्ण असतात तर.

माझं इथे नानांशी जमत नाही. नोटेचा ताव हरवला तर किती रुपयांचा हरवला ते सांगता येतं. राजपत्रातल्या एका परिच्छेदानं कुणाची जमीन गेली, कुणाचं गाव कोणत्या तालुक्यात पडलं, त्याची मोजदाद कुठल्या वहीत होते? आमच्याच गावाचं घ्या. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरचे खंड कॅम्पबेलसाहेबांनी संपादित केले आणि १८८२ साली मुंबईच्या गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेसनं छापले. भिवंडीवर कुणीही काहीही लिहायला बसलं की अजून आधी तेच उघडतो. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आम्ही स्वतःची ओळख एका सरकारी छापखान्याच्या पानांवरून करून घेत आलो आहोत. पुढे ७ मे १९७०ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत गावात दंगल पेटली, तिचं लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं चौकशी केली, अहवालाचे खंडच्या खंड झाले, पोलिसांच्या पक्षपातावर त्यात स्पष्ट ताशेरे आहेत. ओटीवरच्या बैठकीत त्या वर्षाचा विषय कधी निघाला नाही. नाना आणि चाचा दोघांनाही एकमेकांसमोर तो काढायचा नव्हता. जे ओटीवर कुणी बोललं नाही ते छापील स्वरूपात मी मोठेपणी वाचलं, आणि गावातले नाके नि गल्ल्या त्या पानांवर ओळखताना हात गार पडले. असला कागद भेळवाल्याकडे गेला तरी त्याची किंमत कमी होत नाही.

नाना निवृत्त होऊन भिवंडीला परत आले, आणि वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांना आयुष्यातला सर्वात मोठा धक्का बसला. अब्दुल करीम तेलगी हे नाव तेव्हा रोज पहिल्या पानावर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा हा माणूस. १९९४मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना काढला आणि मुंबईत, टांकसाळीच्या अंगणात म्हणावं अशा मिंट रोडवर, स्वतःच स्टॅम्प पेपर छापायला लागला. २००१च्या नोव्हेंबरात अजमेरला पकडला गेला आणि पुढच्या दोन वर्षांत प्रकरण इतकं फुगलं, की घोटाळ्याचा आकडा प्रत्येक वर्तमानपत्रात वेगळा. बँका, विमा कंपन्या, मोठमोठी कार्यालयं त्याच्या माणसांकडून घाऊक मुद्रांक घेत होती. खरे मुद्रांक बाजारात मिळायची मारामार, आणि खोटे घरपोच. बनावट मुद्रांकांचा साठा दडवलेल्या जागांत भिवंडीतल्या गोदामाचंही नाव निघालं. आमच्या गावात तोवर लूमपेक्षा गोदामं जास्त वेगानं वाढायला लागली होती. आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना शेतं बुजवून पत्र्याच्या लांबच लांब शेड उठत होत्या, आणि कुठल्या शेडमध्ये काय आहे ते शेजारच्या शेडवाल्यालाही माहीत नसायचं.

पण नानांना गोदामाचं काही वाटलं नाही. ते अडकले यंत्रांच्या बातमीपाशी. तेलगीची छपाईची यंत्रं नाशिकरोडच्या प्रेसमधून निकामी म्हणून लिलावात निघालेली होती. जी तोडूनमोडून भंगार करूनच बाहेर जायला हवी होती ती वापरण्याजोगी बाहेर पडली. एका तावासाठी फाटक बंद करून रात्रभर माणसं बसवणारा छापखाना, आणि त्याच फाटकातून अख्खं यंत्र रीतसर पावती फाडून गेलं. नानांनी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. चाचा आता काठी टेकत यायचे. ते म्हणाले, "नाना, आप के यहाँ तो सब गिनते थे." नाना म्हणाले, "तावाचा हिशेब ठेवला. लोखंडाचा नाही ठेवला." त्या प्रकरणावर मी पुष्कळ लेख वाचले आहेत. चूक नेमकी कुठे झाली हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मला कुठे आढळलं नाही. तेलगीला शिक्षा झाल्या, २०१७मध्ये तो बंगळुरात कैदी म्हणूनच मेला. दरम्यान महाराष्ट्रात फ्रँकिंग आलं, मग ऑनलाइन मुद्रांक शुल्क, आणि तहसील कचेरीबाहेर पेटी घेऊन बसणारे मुद्रांक विक्रेते कमी होत गेले.

नाना त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. १३ जानेवारी २००६ला सरकारनं टांकसाळी, छापखाने आणि होशंगाबादची कागद गिरणी मिळून एक महामंडळ केलं, नऊ कारखान्यांची कामं एका कंपनीच्या छत्राखाली आली. नोटांवर तारांकित मालिका आली तीही त्याच वर्षी. आधी एखादी नोट खराब निघाली तर त्याच नंबरची नवी छापून गठ्ठ्यात घालावी लागे. आता त्या जागी तारा असलेली दुसऱ्याच नंबरची नोट घातली की झालं. गठ्ठ्यात नोटा शंभरच, फक्त नंबर ओळीनं नाहीत. नानांच्या हयातभराच्या कामातला एक मोठा तुकडा एका चांदणीनं वाचवला.

८ नोव्हेंबर २०१६ची रात्र चाचांच्या मुलानं पाहिली, चाचांनी नाही. भिवंडीत कारागिरांची मजुरी रोखीची. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली माणसं, कित्येकांचं बँकेत खातं नाही. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि आठवडाभरात मागच्या गल्लीतले लूम गप्प झाले. त्याच दिवसांत नाशिकरोडला सुटीच्या दिवशीही पाळ्या चालू होत्या, नव्या पाचशेच्या नोटा छापण्यासाठी. चाचांचा मुलगा एटीएमच्या रांगेत उभा राहून मला म्हणाला, "नाना असते तर विचारलं असतं, अजून किती लागतील म्हणून." हा प्रश्न तेव्हा देशभर सगळे विचारत होते. नाना असते तरी त्यांनी सांगितलं नसतं, नोकरीतलं काही सांगायचं नाही हा त्यांचा नेम शेवटपर्यंत होता. ओटीवर सांगितलेल्या गोष्टी सगळ्या गाळून, चाळून सांगितलेल्या असणार.

नाशिकरोड अजून धडधडतो आहे. भिवंडीतून आखाती देशांत निघालेल्या पोराच्या हातातलं पासपोर्टचं पुस्तक तिथलंच असतं. न मोजता छापायचं घराणं मात्र आटत चाललं. भारताचं राजपत्र १ ऑक्टोबर २०१५पासून कागदावर निघत नाही, संगणकावरच प्रसिद्ध होतं. २०१७मध्ये केंद्राच्या सतरा छापखान्यांचे पाच करायचं ठरलं, त्यांत नाशिकचा राहिला.

माझ्या पुतणीनं गेल्या वर्षी लग्नानंतर 'नावाचं गॅझेट' केलं. पूर्वी ह्या कामाला चर्नी रोडला खेटे घालावे लागत, परतताना राजपत्राचा अंक पिशवीत असे. हिनं अर्ज मोबाइलवर भरला, पैसे मोबाइलवर भरले, आणि काही आठवड्यांनी राजपत्राचं पान मोबाइलवरच आलं. मग आम्ही ते छापायला धामणकर नाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं पान पडद्यावर उघडलं आणि सराईतपणे विचारलं, "कलर का ब्लॅक?" मी म्हटलं, ब्लॅक चालेल. तो म्हणाला, "कलरच घ्या. ब्लॅकला बँकवाला ओरिजिनल मागतो." पुतणीनं चार प्रती सांगितल्या. त्यानं यंत्रातून निघालेला गठ्ठा न मोजताच तिच्या हातात दिला. पाच होत्या. मी एक परत करायला लागलो तर म्हणाला, "राहू द्या, लागते."